वर्तुळाचे दशक

यंदा मंजूर झालेल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या नव्या अभ्यासक्रमातून खंडित संयुग्मनाचे प्रात्यक्षिक 'कालबाह्य' असा शेरा मारून खारीज करण्यात आले. जिवाणूचे गुणसूत्र ज्या पिढीला प्रथम त्या प्रात्यक्षिकातून उमगले, तिच्यातील मजसारख्याला ही गोष्ट मुकाट्याने सोसवत नाही.

ही उमज मला घडविली ती 1963 ते 1972 या दशकाने; त्यापूर्वीच्या काळाविषयी मला फारशी आस्था नाही. जिवाणूला केंद्रक नाही, सबब त्याच्या आनुवंशिक द्रव्यालाही शिस्त नसणार, ही समजूत तेव्हा रूढ होती, आणि 'जिवाणूचे गुणसूत्र' असे लिहिल्याबद्दल एका परीक्षकाने माझे गुण कापले होते. वास्तविक पॅरिसच्या पाश्चर संस्थेत व्होलमान आणि झाकोब यांनी संयोग पावणारे जिवाणू ठराविक मिनिटांनी मिक्सरमध्ये घुसळून तोडले होते (हेच ते खंडित संयुग्मन), आणि दात्याचे कोणते जनुक कोणत्या मिनिटाला पलीकडे पोचते याच्या नोंदींवरून ही सारी जनुके एकाच वर्तुळावर आहेत, असा निष्कर्ष त्या सुमारास निघालाही होता. त्याची दखल न घेणाऱ्यांना मी आजही क्षमा करू शकत नाही.

ते वर्तुळ डोळ्यांना दाखविले जॉन केर्न्स यांनी, 1963 साली, कॅनबेऱ्यात. किरणोत्सारी थायमिडिनवर वाढविलेल्या ई. कोलाय या जिवाणूच्या पेशी त्यांनी आतील डीएनए तुटणार नाही इतक्या हळुवारपणे विरघळविल्या, तो पातळ पटलावर उतरवून त्यावर छायाचित्रणाचा लेप चढविला आणि सुमारे दोन महिने अंधारात ठेवून दिला. लेप धुतला तेव्हा जेमतेम दोन मायक्रॉन लांबीच्या पेशीतून निघालेला, एक मिलिमीटरहून लांब, टोके नसलेला आणि एका भागात दुहेरी होत चाललेला धागा चांदीच्या काळ्या कणांनी रेखाटलेला दिसला. दोन महिने निकालाची वाट पाहण्याचे ते धैर्य आजच्या प्रयोगशाळांतून हद्दपार झाले आहे, याचे मला मनस्वी दुःख होते.

पुढील नऊ वर्षे आम्ही नियतकालिकांची वाट पाहण्यात घालविली, कारण जहाजाने येणारा अंक ग्रंथालयाच्या दप्तरी दाखल होईतो महिने उलटत. 1968 साली कूपर व हेल्मस्टेटर यांनी एक कोडे उलगडले: गुणसूत्राच्या द्विगुणनास 40 मिनिटे आणि त्यानंतर विभाजनास 20 मिनिटे लागत असता, सकस माध्यमात पेशी 20 मिनिटांत दुप्पट होतेच कशी? पहिली फेरी पुरी होण्याआधीच दुसरी सुरू होते, म्हणजे नातीच्या विभाजनासाठी लागणारी प्रत आजीच्या हयातीतच आरंभिलेली असते, हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. त्याच वर्षी नागोयाच्या रेइजी ओकाझाकी यांनी एक धागा तुकड्यातुकड्यांनी बनतो हे सिद्ध केले. हिरोशिमाच्या किरणोत्साराची झळ लागलेला हा संशोधक 1975 साली रक्ताच्या कर्करोगाने गेला, आणि त्याची आठवण आपण केवळ तुकड्यांच्या नावापुरती ठेवावी हा मोठा अन्याय होय. पॉला डी लूचिया यांचेही तेच. हजारो वसाहती एकेक करून तपासून त्यांनी असा जिवाणू शोधला की ज्यात कॉर्नबर्ग यांचे डीएनए घडविणारे सुप्रसिद्ध विकर जवळजवळ नव्हतेच, तरी त्याचे द्विगुणन सुरळीत चालले होते. मुख्य कारागीर दुसराच आहे, हे 1969 साली त्यामुळे कळले.

1972 साली वर्सेल आणि बर्गी यांनी दाखविले की हा लांबलचक धागा पेशीत स्वतंत्र पिळांच्या फासांनी आवळलेला असतो. एका ठिकाणी चीर पडली तर तो एकच फास सैल होतो, बाकीचे तसेच राहतात. जो गोळा आमच्या परीक्षकाला बेशिस्त वाटला होता, त्याची ही व्यवस्था!

त्यानंतरची वर्षे मी भराभर ओलांडतो. 1997 साली ई. कोलायच्या डीएनएची सुमारे 46 लाख अक्षरे वाचून झाली, आणि तीच आता पडद्यावर क्षणात मिळतात म्हणून प्रात्यक्षिकाची गरज उरली नाही, असे आम्हाला सांगण्यात आले. पण अक्षरांची यादी हाती असलेल्या विद्यार्थ्याला गुणसूत्र कोठून उलगडू लागते, हे मात्र सांगता येत नाही, असा मला वारंवार अनुभव येतो. पुस्तकांचीही तीच गत: डीएनएला बिलगून त्याला वाकविणारे एचयू हे प्रथिन 1975 सालीच ज्ञात झाले असूनही कित्येक क्रमिक पुस्तके जिवाणूच्या डीएनएला अजून 'नग्न' म्हणतात. अभ्यासक्रमातून काही काढावयाचेच होते, तर ते वाक्य प्रथम काढावयास हवे होते.