परतीचा पाऊस आणि अंदाज

हस्ताचा पाऊस सोलापूरकडच्या रब्बी ज्वारीला जीवदान देतो. तोच पाऊस कापून पडलेले सोयाबीन कुजवतो. मोसमी वारे सप्टेंबरच्या मध्यास राजस्थानातून मागे फिरू लागतात. आपल्याकडून जाईतो ऑक्टोबर उजाडतो. त्या दिवसांत उन्हाने तापलेली दमट हवा वर चढते आणि दुपार कलता मेघ गडगडतात. पाऊस एका शिवारात कोसळतो, शेजारचे कोरडे राहते. म्हणून जिल्ह्याचा अंदाज ही शक्यता आहे, भाकीत नव्हे. पुण्यात कृषिहवामानाचे काम १९३२ साली सुरू झाले. आज हवामान खात्याचा कृषिसल्ला आठवड्यातून दोनदा निघतो. तो कापणीपूर्वी शेतावर पोहोचला पाहिजे. कारण पीक भिजले की शेतकऱ्याचे वर्ष बुडते आणि मजुराचा रोजही बुडतो.