पोतं एक, पंगत मोठी

खुराड्यात अंड्यावरच्या दोन कोंबड्या, एक खुडूक, तीन महिन्यांच्या चार तलंगा, एक मिजासखोर कोंबडा आणि आईमागे चिवचिवणारी आठ पिल्लं. या सगळ्यांसाठी खाद्याचं पोतं कुठलं आणायचं? परसात कोंबड्या पाळणाऱ्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. दुकानात चिक, ग्रोअर, लेयर अशी वयानुसार वेगळी पोती मिळतात. परसात मात्र सगळ्यांची पंगत एकच. मग बरेच जण लेयरचं पोतं उचलतात. अंडी हवीत ना, मग अंड्याचं खाद्य!

गफलत होते ती इथेच. लेयर मॅशमध्ये साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं, चिक आणि ग्रोअरमध्ये जेमतेम एक टक्का. वाढीच्या वयातली तलंग आठवडेच्या आठवडे हे चौपट कॅल्शियम खात राहिली, तर ते बाहेर टाकता टाकता तिची मूत्रपिंडं खराब होतात. मग युरिक आम्ल शरीरातच तुंबतं आणि हृदयावर, यकृतावर त्याचा पांढरा थर चढतो. वरून बरी दिसणारी तलंग ऐन अंड्यावर येताना दगावते आणि खापर कुठल्यातरी साथीवर फुटतं.

मुळात लेयर मॅश तयार झालं ते वर्षाला तीनशेच्या वर अंडी देणाऱ्या, पिंजऱ्यातल्या व्यापारी कोंबडीसाठी. गावरान कोंबडी वर्षाला 60-80 अंडी देते. मध्येच खुडूक होऊन तीन आठवडे अंड्यांवर बसते, पिसं झडली की पुन्हा अंडी बंद. त्यामुळे परसातल्या कळपात एखाद्या दिवशी लेयर मॅशची खरी गरज असलेल्या कोंबड्या दोन-तीनच निघतात. 'अंडी वाढवणारं खाद्य' अशी पोत्यावरची जाहिरात वाचताना हा हिशेब लक्षात ठेवलेला बरा.

त्या दोन-तीन कोंबड्यांची गरज मात्र खरोखरच अचाट आहे. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं आणि कोंबडीच्या अख्ख्या सांगाड्यात असतं साधारण वीस ग्रॅम. त्यात आणखी पंचाईत अशी, की कवच घडायला अठरा-वीस तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्री येतो. तेव्हा दाणापाणी बंद असतं. मग कोंबडी घरातल्या घरात उसनवारी करते: रात्री हाडांकडून घ्यायचं, दिवसा खाऊन फेडायचं. त्यासाठी अंड्यावर येण्याच्या दोनेक आठवडे आधी तिच्या लांब हाडांच्या पोकळीत एक खास मज्जास्थी तयार होते. (टायरॅनोसॉरस रेक्सच्या मांडीच्या हाडातही तशीच ऊती सापडल्याचं मेरी श्वाइत्झर यांनी 2005 साली मांडलं. तो डायनासोर म्हणजे अंड्यावर आलेली मादी होती, असा त्याचा अर्थ!)

हे कर्ज कमी कसं करायचं, हे कोंबडीला कळतं. फ्रान्सचे मोंजँ आणि सोव्होर यांनी 1974 मध्ये कोंबड्यांपुढे कमी कॅल्शियमचं खाद्य आणि शिंपल्यांचे तुकडे वेगवेगळे ठेवले. कवच घडायचं असेल त्या दिवशी कोंबड्या संध्याकाळच्या सुमाराला शिंपल्यांकडे वळत. जाडसर तुकडा पेषणीत अडकून रात्रभर हळूहळू विरघळतो. बारीक भुकटी लवकर पुढे सरकते.

म्हणजे कोंबडीला सगळंच कळतं का? इथे डब्ल्यू. फ्रँकलिन डव्ह या विस्मृतीत गेलेल्या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाची आठवण काढायलाच हवी. मेन विद्यापीठातल्या या गृहस्थाने 1933 मध्ये एक दिवसाच्या गोऱ्ह्याचे शिंगांचे कोंब काढून कपाळाच्या मधोमध बसवले आणि चक्क एकशिंगी बैल वाढवला. पण त्याचं खरं काम 1935 मधलं. कोंबड्यांना आपापलं खाद्य निवडू दिलं, तेव्हा काही जणी चोखंदळ निघाल्या आणि जोमाने वाढल्या. काहींना मात्र निवड जमेचना. जोमदार कोंबड्यांनी निवडलेला आहार या दुबळ्या कोंबड्यांना दिल्यावर त्याही सुधारल्या, पण त्यांची बरोबरी करू शकल्या नाहीत. मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लो यांनी पुढे माणसाच्या स्वभावाबद्दल लिहिताना याच कोंबड्यांचा दाखला दिला. मास्लो जगभर गाजले, डव्ह मात्र मागे राहिला.

तेव्हा सगळंच कोंबडीच्या मर्जीवर सोडू नये. पंगतीतल्या सर्वांत लहान पक्ष्याला सोसेल असं, एक टक्का कॅल्शियमचं खाद्य सगळ्यांपुढे ठेवावं आणि शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या वाटीत. अंडी न देणारे पक्षी त्या वाटीकडे फारसे फिरकत नाहीत. नुसता ज्वारीचा भरडा आणि कण्या पिल्लांना पुरत नाहीत, त्यांना वीसेक टक्के प्रथिनं लागतात. त्यासाठी डालगं विटांवर थोडं उचलून पालथं घालावं आणि चिक मॅश त्याखाली ठेवावं. खालच्या फटीतून पिल्लं आत जातात, मोठ्या कोंबड्या बाहेरच राहतात. ही आडकाठी एरवीही कामाची, कारण चिक मॅशमध्ये अनेकदा कॉक्सिडियावरचं औषध मिसळलेलं असतं आणि अंड्यावरची कोंबडी ते खाऊ लागली तर औषधाचा अंश अंड्यात उतरू शकतो. पोत्याला शिवलेल्या चिठ्ठीवर त्याची नोंद असते. पोतं फोडण्याआधी ती वाचावी.