आश्रित बालकांवर अधिकार कोणाचा?

रोहिणखेडसारख्या गांवांत संकटग्रस्तांसाठीं वर्गणी द्यावयास सहसा कोणी मागें सरत नाहीं. परंतु दिलेल्या पैशाचा हिशेब विचारणें आपण भिडेखातर टाळतों. पैशाच्या बाबतींत ही भीड फार तर नुकसानीस कारण होते. जेथें परक्याचीं मुलें सांभाळावयाचीं असतात तेथें मात्र तीच भीड अनर्थास कारण होते. याविषयीं दोन उदाहरणें आम्ही वाचकांपुढें ठेवतों.

पहिलें इंग्लंडांतील. स्पेनच्या यादवी युद्धांत २६ एप्रिल १९३७ रोजीं गेर्निका हें बास्क प्रांतांतील गांव विमानांतून बाँब टाकून उद्ध्वस्त करण्यांत आलें. पुढच्याच महिन्यांत ‘हबाना’ आगबोटीनें सुमारें चार हजार बास्क मुलें साउदॅम्प्टन बंदरीं उतरलीं आणि जवळच नॉर्थ स्टोनहॅम येथें तंबूंच्या छावणींत राहिलीं. ब्रिटिश सरकारनें प्रवेशाची परवानगी दिली, पण त्यांच्या पोषणाचा खर्च उचलण्याचें नाकारलें. सर्व भार लोकांच्या वर्गणीवर व बास्क बालक समितीवर पडला. मजूर संघ, कॅथलिक चर्च, निरनिराळ्या पक्षांचे पुढारी, असे अनेक हात या कामीं लागले. आणि जितके हात तितकीं मतें! १९ जून रोजीं बिल्बाओ शहर पडल्याची वार्ता छावणींत ध्वनिक्षेपकावरून सांगण्यांत आली, तेव्हां मुलांनीं एकच आकांत मांडला व कित्येक छावणीबाहेर धांवत सुटलीं. लागलीच वाद पेटला. फ्रँकोचे पक्षपाती म्हणूं लागले, मुलें परत पाठवा. दुसरे म्हणाले, आईबापांची खरी मागणी हातीं आल्यावांचून एकही मूल पाठवूं नये. हा दुसरा पक्षच आम्हांस न्यायाचा वाटतो.

दुसरें उदाहरण आपल्या घरचें आहे. रशियानें हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांसाठीं १९४३ सालीं कोल्हापूर संस्थानांत वळिवडे येथें छावणी उभारली गेली. तेथें सुमारें पांच हजार माणसें राहत. त्यांत बहुतेक बायका व मुलें. शाळा, दवाखाना, प्रार्थनामंदिर, सर्व कांहीं तेथें होतें. परंतु जुलै १९४५ मध्यें ब्रिटननें लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून ती वॉर्साच्या नव्या सरकारास दिली. ज्या सरकारच्या नांवानें छावणी चालली होती तेंच कायद्याच्या दृष्टीनें नाहींसें झालें! मग अनाथ मुलांचा पालक कोण? नवानगर संस्थानांतील बालाचडी येथें १९४२ पासून राहिलेल्या पोलिश अनाथांसंबंधींही हाच पेंच पडला. तेव्हां बळजबरीची पाठवणी टळावी म्हणून जामसाहेब दिग्विजयसिंह यांनीं इतर दोघांसह त्यांचें पालकत्व पत्करलें. केवळ दया दाखवून ते थांबले नाहींत. जबाबदारी त्यांनीं स्वतःच्या नांवावर घेतली. १९४८ पर्यंत वळिवड्याची वस्ती उठली आणि फाळणीनें निर्वासित झालेले सिंधी बांधव त्याच जागीं राहावयास आले. आमच्या व्यापारी वाचकांस कापडाच्या पेठेमुळें परिचित असलेलें गांधीनगर तें हेंच.

या प्रश्नाचें उत्तर कायद्यानें पूर्वींच देऊन ठेविलें आहे. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या १७ व्या कलमान्वयें न्यायाधीशानें पालक नेमतांना बालकाचें हित पाहावें, आणि तें समजण्याइतकें मोठें असल्यास त्याची इच्छाही विचारांत घ्यावी. राजाची इच्छा, पक्षाची सोय किंवा देणगीदाराची हौस यांस त्यांत अग्रस्थान नाहीं. धान्य पुरविणारा हात मुलाचा मालक होत नाहीं.

२०१९ व २०२१ च्या महापुरांत त्याच कोल्हापूर जिल्ह्यांत पुन्हां छावण्या उभ्या राहिल्या. उद्यां त्या आपल्या वऱ्हाडांतही उभ्या राहूं शकतील. तेव्हां वर्गणी देणाऱ्यांनीं चार गोष्टी निक्षून मागाव्या. प्रत्येक मुलाची आईबापांच्या नांवासह नोंद असावी. सर्व कारभारास एकच जबाबदार माणूस असावा. जमाखर्च चव्हाट्यावर लावावा. आणि मुलास कोठें पाठवावयाचें हें ठरवितांना प्रथम त्यासच विचारावें. दान देऊन आपलें कर्तव्य संपत नाहीं. हिशेब विचारल्यानंतरच तें पुरें होतें.