मिश्र दुहेरीची खेळाडू : कु. तनिषा क्रास्टो

बॅडमिंटनचे फूल आपल्या खेड्यापाड्यांतून आता अपरिचित राहिलेले नाही. सुगी आटोपली, वारा पडला, की चर्चच्या आवारात दोन बांबू रोवून जाळी बांधावयाची आणि अंधार पडेपर्यंत ते पिसांचे फूल इकडून तिकडे उडवावयाचे, हा मुलामुलींचा हिवाळ्यातील आवडता उद्योग होऊन बसला आहे. परंतु या खेळाच्या नियमांची घडण आपल्याच पुण्यात झाली, हे थोड्यांस ठाऊक असते. १८७० नंतरच्या दशकात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी हा खेळ मोठ्या आवडीने खेळत. त्याचे आरंभीचे नियम तेथेच तयार झाले व काही काळ विलायतेतही लोक त्याला ‘पूना’ म्हणून ओळखीत.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १८९९ साली लंडन येथे ऑल इंग्लंड स्पर्धा प्रथम भरली, तेव्हा तीत एकेरीचे सामने नव्हतेच. पुरुषांची दुहेरी, स्त्रियांची दुहेरी आणि एक स्त्री व एक पुरुष मिळून खेळावयाची मिश्र दुहेरी, एवढेच प्रकार होते. एकेरी दुसऱ्या वर्षी आली. असे असूनही आज वर्तमानपत्रांत कीर्ती गाजते ती एकेरीच्या खेळाडूंची. मिश्र दुहेरीवर आपले आयुष्य उभारणाऱ्या खेळाडूचे नाव विचारले, तर बहुतेक घरांतून उत्तर मिळणार नाही. म्हणून आज अशाच एका गोमंतकीय कन्येची ओळख वाचकांस करून द्यावी असे योजिले आहे.

हुबळी-धारवाडकडील आपल्या कुटुंबांना गोमंतक काही परका नाही. १८८८ साली मुरगावहून कॅसलरॉकपर्यंतचा लोहमार्ग खुला होऊन तो घाटावरील सदर्न मराठा रेल्वेस जोडला गेला, आणि दूधसागराच्या बाजूने घाट चढून माणसे नोकरीसाठी, शिक्षणासाठी हुबळी-धारवाडास येऊ लागली. गोव्याची जी माणसे पूर्वेकडे न येता समुद्रमार्गे गेली, ती मुंबई, कराची, आफ्रिका करीत पुढील पिढ्यांत आखाती देशांत पोहोचली. क्रास्टो कुटुंब हे अशा दुबईवासी गोमंतकीयांपैकीच होय. तनिषाचा जन्म ५ मे २००३ रोजी दुबईस झाला. वडील क्लिफर्ड क्रास्टो यांना बॅडमिंटनची मनापासून आवड. कन्येच्या हाती रॅकेट आले ते त्यांच्यामुळेच. पुढे किशोरवयात ती हैदराबादेस पुल्लेला गोपीचंद यांच्या अकादमीत शिकावयास आली.

हे वाक्य लिहिण्यास सोपे, परंतु घरच्या माणसांस किती जड गेले असेल याची कल्पना आईबापांस करता येईल. आपल्याकडे मुलगा सेमिनरीत जावयास निघतो किंवा मुलगी नर्सिंगच्या शिक्षणासाठी दूर जाते, तेव्हा पेटी भरताना आईची जी अवस्था होते, तीच येथेही. फरक इतकाच, की तेथे पुढे काय व्हावयाचे ते ठाऊक असते. येथे काहीच ठाऊक नसते.

आता मिश्र दुहेरी म्हणजे काय ते पाहू. दुहेरीचे मैदान १३.४० मीटर लांब आणि ६.१० मीटर रुंद असते. जाळी मध्यभागी दीड मीटरहून किंचित उंच. फुलाला १६ पिसे असतात व त्याचे वजन जेमतेम पाच ग्रॅम. परंतु जोराचा फटका बसला की तेच फूल गोफणीतून सुटलेल्या गोट्यासारखे येते. सामान्यतः आक्रमणाच्या वेळी स्त्री जाळीपाशी पुढे उभी राहते व पुरुष मागून फटके मारतो. बचावाची वेळ आली की दोघे शेजारी शेजारी येतात. प्रतिपक्षाचा डाव बहुधा एकच असतो : स्त्रीला पुढून मागे ढकलावयाचे, आणि मग प्रत्येक फटका तिच्यावरच आणावयाचा. याला कोणी अन्याय म्हणत नाही. मिश्र दुहेरीतील स्त्री प्रत्येक सामन्यात हे गृहीत धरूनच उतरते. तिच्या समोर साठ-सत्तर किलो वजनाचा पुरुष उडी मारून फटका हाणतो आहे, आणि तिने तो मनगटाच्या एका वळणाने जाळीलगत परतवावयाचा आहे.

जाळीपाशी उभ्या असलेल्या खेळाडूचे काम प्रेक्षकांच्या डोळ्यांत फारसे भरत नाही. टाळ्या मिळतात त्या मागच्याच्या फटक्याला. परंतु तो फटका मारण्याजोगे उंच फूल प्रतिपक्षाकडून आले ते पुढच्या खेळाडूने वाट अडविली म्हणून. हुबळी-धारवाड ही संगीताची भूमी, तेव्हा तेथील वाचकांस हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. गंगूबाई हनगल गात असत तेव्हा त्यांची कन्या कृष्णा मागे बसून स्वरसाथ करीत असे. कोठे स्वर उचलावा आणि कोठे गप्प राहावे, ही जाण असल्यावाचून अशी साथ होत नाही. मिश्र दुहेरीत ही भूमिका दोघांनाही, आळीपाळीने आणि क्षणार्धात, घ्यावी लागते.

तनिषाचे वैशिष्ट्य असे, की ती केवळ जाळीपाशी थांबणारी खेळाडू नाही. मागे ढकलली गेली तरी तेथून जोरकस फटका मारण्याची ताकद तिच्या खांद्यात आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात डेन्मार्कमधील आरहूस येथे उबेर चषकाचे सामने झाले, तेव्हा अठरा वर्षांची ही मुलगी भारतीय महिला संघात होती. पुढच्याच जानेवारीत, म्हणजे २०२२ साली, लखनौच्या सय्यद मोदी आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तिने छत्तीसगडच्या ईशान भटनागरसह मिश्र दुहेरीचे विजेतेपद मिळविले. अंतिम सामन्यात हेम नागेंद्र बाबू व श्रीवेद्या गुराझादा या जोडीचा त्यांनी २१-१६, २१-१२ असा पराभव केला.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आशियाई मिश्र सांघिक स्पर्धा भरली ती दुबईस, तिच्या जन्मगावी. उपांत्य फेरीत बलाढ्य चीनशी भारताची २-२ अशी बरोबरी झाली आणि निकालाचा पाचवा सामना मिश्र दुहेरीचा आला. ईशान व तनिषा यांची गाठ जियांग झेनबांग आणि वेई याशिन यांच्याशी पडली. ज्या नगरात आपण लहानाचे मोठे झालो तेथेच साऱ्या संघाचे भवितव्य आपल्या रॅकेटवर यावे, हा योग मोठाच म्हणावयाचा. तो सामना त्यांनी गमावला. तथापि भारतास कांस्यपदक मिळाले, आणि या स्पर्धेतील ते भारताचे पहिलेच पदक होते.

पुढे जोडीदार बदलले. प्रथम के. साई प्रतीक आला. त्यानंतर लुधियानाचा ध्रुव कपिला, जो २०२२ साली थॉमस चषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. येथे या पेशाची एक कठोर बाजू लक्षात घेतली पाहिजे. एकेरीच्या खेळाडूचे मानांकन त्याचे स्वतःचे असते. दुहेरीत ते जोडीचे असते. जोडीदाराचा गुडघा दुखावला, त्याचे मन उडाले, किंवा प्रशिक्षकांनी जोडी फोडली, की दोघांनी मिळून चढलेल्या पायऱ्या पुष्कळशा खाली उतराव्या लागतात, आणि नव्या सोबत्यासह लहान स्पर्धांपासून पुन्हा चढण सुरू होते. स्वतःचे शरीर कितीही जपले तरी दुसऱ्याच्या दुखण्याचा विमा कोणी उतरवीत नाही.

पैशाचेही तसेच. जागतिक दौऱ्यातील पुष्कळ स्पर्धांत एकूण बक्षिसाच्या साडेसात टक्के रक्कम एकेरीच्या विजेत्यास मिळते, तर दुहेरीच्या विजेत्या जोडीस ७.९ टक्के, आणि तीही दोघांत वाटून. म्हणजे एक लाख डॉलरच्या स्पर्धेत एकेरीचा विजेता साडेसात हजार घेऊन जातो, तर मिश्र दुहेरीची विजेती चार हजारांहूनही थोडे कमी. प्रवास, मुक्काम, फिजिओथेरपी यांचा खर्च मात्र अर्धा होत नाही. याच कारणाने दुहेरीच्या मुली पुष्कळदा एकाच स्पर्धेत दोन प्रकार खेळतात. तनिषाही खेळते. महिला दुहेरीत तिची सोबतीण होती कर्नाटकाची अश्विनी पोनप्पा, जिने २०१८ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सात्विकसाईराज रंकीरेड्डीसह मिश्र दुहेरीचा पहिला सामना जिंकून भारताच्या सांघिक सुवर्णपदकाचा पाया घातला. तनिषाहून जवळजवळ चौदा वर्षांनी मोठी असलेली ही खेळाडू तिला ताईसारखीच. दोघींनी २०२३ साली अबू धाबी आणि गुवाहाटी येथील स्पर्धा जिंकल्या, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी त्या पात्र ठरल्या.

पॅरिसमध्ये गटातील तिन्ही सामने त्यांनी गमावले. कोरिया, जपान, ऑस्ट्रेलिया. एकही विजय पदरी पडला नाही. आपले हे शेवटचे ऑलिंपिक, असे अश्विनीने तेथेच सांगितले व दोघींचेही डोळे भरून आले. पुढे शासकीय साहाय्याच्या आकड्यांवरून अश्विनीने उघड नाराजी व्यक्त केली. आपण बराच काळ स्वखर्चाने स्पर्धा खेळलो, असे तिचे म्हणणे होते. त्या वादात शिरण्याचे आपणांस कारण नाही. परंतु मुलीला या मार्गावर पाठविणाऱ्या पालकांनी हा जमाखर्च डोळ्यांआड करू नये. त्यातल्या त्यात आधार असतो तो नोकरीचा. रेल्वेसारख्या खात्यांत क्रीडापटूंसाठी राखीव जागा निघतात, आणि नैऋत्य रेल्वेचे मुख्यालय तर २००३ पासून हुबळीसच आहे.

मिश्र दुहेरीत भारताने पूर्वीही काही कमावले आहे. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेत लेरॉय डिसा यांनी कंवल ठाकूर सिंग यांच्यासह कांस्यपदक जिंकले. प्रदीप गंधे यांच्या जोडीने पुरुष दुहेरीतील कांस्यपदकही त्यांचेच. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये व्ही. दिजू आणि ज्वाला गुट्टा ही जोडी उतरली होती. त्यानंतरच्या रिओ, टोकियो व पॅरिस या तिन्ही ऑलिंपिकमध्ये भारताची एकही मिश्र जोडी नव्हती. तनिषा पॅरिसला गेली ती महिला दुहेरीसाठी. तिचा दुसरा खेळ त्या वेळी घरीच राहिला.

काही घरांतून आणखी एक शंका निघेल, आणि तीही बोलून दाखविलेली बरी. तरुण मुलगी परक्या मुलाबरोबर गावोगाव खेळत हिंडणार, लोक काय म्हणतील? प्रस्तुत लेखकास असे वाटते, की ज्यांनी मिश्र दुहेरीचा एखादा सामना शेवटपर्यंत पाहिला आहे त्यांना ही शंका फारशी छळणार नाही. तेथे दोघांस एकमेकांकडे पाहण्याससुद्धा फुरसत नसते. एकाचे पाऊल चुकले तर दुसऱ्याने धावून ती जागा भरावयाची. फूल जाळीत गेले तर रॅकेटला रॅकेट लावून पुढच्या गुणाची तयारी करावयाची. दोष कोणाचा, याची चर्चा मैदानावर चालत नाही. स्त्री-पुरुषांनी बरोबरीच्या नात्याने एकत्र काम कसे करावे, याचा इतका शिस्तबद्ध पाठ आपल्या मुलांना इतरत्र सहसा मिळत नाही.

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात शर्यतीचा दृष्टान्त दिला आहे. धावतात सर्व, परंतु बक्षीस एकालाच. दुहेरीचा खेळ त्याच्या काळी नव्हता. १५ जून २०२५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या सणादिवशी, रोम येथे क्रीडापटूंच्या ज्युबिलीचा मिस्सा झाला. त्या प्रसंगी पोप लिओ चौदावे यांनी एका साध्या शब्दाकडे लक्ष वेधले. इटालियन लोक खेळाडूंना उत्तेजन देताना ‘दाई’ असे ओरडतात, आणि त्या शब्दाचा अर्थ ‘दे’ असा होतो. स्वतः टेनिस खेळणाऱ्या पुण्यपित्यांनी हे सांगावे, यात एक गोडी आहे.

त्यानंतर अडीच महिन्यांनी, ऑगस्टच्या अखेरीस, जागतिक अजिंक्यपद स्पर्धा पॅरिस येथे भरली. सभागृहही तेच, जेथे वर्षापूर्वी तनिषाने तीन पराभव पाहिले होते. या वेळी ती ध्रुव कपिलासह मिश्र दुहेरीत उतरली. उपांत्यपूर्व फेरीच्या आधीच्या सामन्यात त्यांच्यापुढे हाँगकाँगची पाचवी मानांकित जोडी, टांग चुन मान व त्से यिंग सुएत, उभी होती. पहिला गेम १९-२१ असा निसटला. अशा वेळी पुष्कळ जोड्यांचे धैर्य खचते. या दोघांनी पुढचे दोन गेम २१-१२, २१-१५ असे घेतले आणि जगातील शेवटच्या आठ जोड्यांत स्थान मिळविले.

उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाच्या चेन टांग जिए व तो ई वेई यांनी त्यांना १५-२१, १३-२१ असे हरविले. ३१ ऑगस्ट रोजी अंतिम सामन्यात त्याच मलेशियन जोडीने चीनच्या जियांग झेनबांग व वेई याशिन यांना नमवून जगज्जेतेपद पटकावले. दुबईत तनिषाला निकालाच्या सामन्यात हरविणारे ते हेच दोघे.