वाळू मोठी, वेळ थोडी

वेल्समधल्या स्वान्सी शहरातून पश्चिमेला निघालं की तासाभराच्या आत रस्ता संपतो आणि खाली रोसिलीची पुळण दिसते. जवळपास पाच किलोमीटर लांब, रुंद, सपाट वाळू. मागे हिरवी टेकडी, पुढे खुला समुद्र. ‘हेल्वेशिया’ नावाचं नॉर्वेचं जहाज १८८७ साली इथे वाळूत रुतलं. त्याच्या लाकडी बरगड्या ओहोटीला उघड्या पडतात आणि मुलं त्यांच्याभोवती धावत असतात.

हा गावर द्वीपकल्पाचा किनारा. ‘विशेष निसर्गसौंदर्याचा प्रदेश’ हा दर्जा ब्रिटनमध्ये सर्वांत आधी, १९५६ साली, गावरला मिळाला. कार्डिफ-ब्रिस्टलकडे नोकरी-शिक्षणासाठी गेलेली मराठी मंडळीही उन्हाळ्यात इथे येतात. सोबत बऱ्याचदा भारतातून आलेले आई-बाबा असतात. आपल्याला समुद्र नवा नाही, त्यामुळे मनात भीती नसते. पण या समुद्राच्या दोन गोष्टी आपल्या सवयीच्या नाहीत. एक त्याची भरती, दुसरी त्याची थंडी.

आधी भरतीबद्दल. मुंबईत उधाणाच्या दिवशी ओहोटी आणि भरतीच्या पातळीत सुमारे पाच मीटरचा फरक पडतो. गावरच्या किनाऱ्यावर तो आठ-नऊ मीटरपर्यंत जातो आणि तिथून पूर्वेला, सेव्हर्न नदीच्या मुखाकडे, चौदा मीटरच्या घरात पोहोचतो. ब्रिस्टल खाडीचा आकार नरसाळ्यासारखा आहे. समुद्राचं पाणी रुंद तोंडातून आत शिरतं, पुढे जागा अरुंद आणि उथळ होत जाते आणि पाण्याला वर चढण्यावाचून मार्ग राहत नाही. शिवाय या खाडीची लांबी-खोली अशी आहे, की झोपाळ्याला नेमक्या क्षणी झोका द्यावा तशी प्रत्येक भरती आधीच्या हेलकाव्याला बळ देते. आपल्याकडे खंभातच्या आखातात भरती एवढी मोठी असते, तिथेही नरसाळ्याचा हाच परिणाम दिसतो.

पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही, हे त्याहून महत्त्वाचं. एकूण चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग धरले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, मग दोन आणि शेवटी एक भाग, असा दर्यावर्दींचा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे पहिल्या तासात काही घडतच नाही असं वाटतं आणि मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. आठ मीटरची भरती असेल तर या दोन तासांत पातळी चार मीटर वाढते. साठ मीटर चालल्यावर एक मीटर उतार, अशी सपाट पुळण असेल तर पाण्याची कड तेवढ्यात दोनशे चाळीस मीटर आत येते. तीही सरळ रेषेत येत नाही. आधी वाळूतल्या खोलगट पन्हळी भरतात, आणि आपण समोरच्या लाटा पाहत असताना पाणी पाठीमागे पोहोचलेलं असतं.

यात वेळेचा एक योगायोग आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण येतं, हे कोकणातलं मूलही सांगेल. गावरच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत मोठी भरती साधारण सकाळी आणि संध्याकाळी येते, त्यामुळे सर्वांत खोल ओहोटी दुपारच्या सुमारास लागते. नेमक्या सहलीच्या वेळी पुळण सर्वांत मोठी दिसते आणि नेमक्या चहाच्या वेळी पाणी सर्वांत वेगाने परत येतं.

थ्री क्लिफ्स बे या सुंदर ठिकाणी हे विशेष जपावं लागतं. ओहोटीला तिथून कड्याला वळसा घालून शेजारच्या पुळणीवर चालत जाता येतं; भरती सुरू झाली की ती वाट बंद होते आणि मागे उरतो उभा कडा. तिथे समुद्राला मिळणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी पाण्याची ओढही जबर असते. रोसिलीच्या टोकाला असलेल्या वर्म्स हेड या खडकाळ बेटावर जाणारी वाट ओहोटीच्या आधी अडीच तास आणि नंतर अडीच तास एवढीच उघडी असते. कुणी तिथे अडकलंच तर पाण्यात उतरून परतायचा प्रयत्न करू नये. उंच, सुरक्षित जागी बसावं, ९९९ वर फोन करून ‘कोस्टगार्ड’ मागावा. पुढच्या ओहोटीपर्यंत थांबणं कंटाळवाणं असेल, पण जिवावर बेतणारं नाही.

आता थंडी. मुंबईचा समुद्र वर्षभर कोमट असतो. वेल्समध्ये मात्र हिवाळ्याच्या अखेरीस पाणी आठ अंशांच्या आसपास असतं आणि ऐन उन्हाळ्यातही पंधरा ते अठरा अंशांवर क्वचितच जातं. समुद्र जमिनीपेक्षा सावकाश तापतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यात बाहेर छान ऊन असलं तरी पाणी अजून हिवाळ्यातलंच असतं.

अशा पाण्यात एकदम शिरल्यावर त्वचेला बसणाऱ्या धक्क्याने माणूस आपोआप मोठा श्वास ओढतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट फुप्फुसांत जातं. श्वास भराभर चालू लागतो, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, नाडी आणि रक्तदाब झपाट्याने वाढतात. चांगलं पोहता येणाऱ्यालाही हे चुकत नाही. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांना हा ताण धोक्याचा ठरू शकतो. आई-बाबांना ‘चला, जरा डुबकी मारा’ असा आग्रह करण्याआधी एवढं लक्षात ठेवावं.

दिलासा असा, की हा धक्का एक-दोन मिनिटांत ओसरू लागतो. म्हणून ब्रिटनमधली जीवरक्षक संस्था ‘आरएनएलआय’ सांगते, की धडपड करू नका, आधी तरंगा. डोकं मागे टाकून कान पाण्यात जाऊ द्यावेत, हातपाय हलके हलवावेत, श्वास ताळ्यावर आला की मग हाक मारावी किंवा किनाऱ्याकडे वळावं. ओढीत सापडल्यास तिच्या विरुद्ध न पोहता किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडावं.

ओहोटीच्या उथळ पाण्यात आणखी एक पाहुणा असतो. वीव्हर हा छोटा मासा वाळूत अंग पुरून बसतो आणि त्याच्या पाठीवर विषारी काटे असतात. अनवाणी पाय पडला तर वेदना भयंकर होतात. काटा काढून पाय अर्धा तास तरी सोसवेल इतक्या, पण भाजणार नाही अशा गरम पाण्यात ठेवावा. उष्णतेने विषातली प्रथिनं निकामी होतात. दम लागला, चेहरा सुजला किंवा चक्कर आली तर तातडीची मदत मागवावी. गिरगाव चौपाटीवर २०१३ साली गणेशविसर्जनाच्या वेळी पाकट माशांनी अनेकांना दंश केला होता. त्या दंशावरही प्रथमोपचार हाच. पाण्यात चालताना पायात जुने बूट असले की बहुतेक प्रश्न मिटतो.

यासाठी फार तयारी लागत नाही. जीवरक्षक असलेली पुळण निवडावी आणि लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पोहावं. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात जाऊच नये. त्या दिवशीचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहावा. छापील तक्त्यात कधी कधी ग्रिनिच वेळ दिलेली असते. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर ब्रिटनमधली घड्याळं त्याहून एक तास पुढे असतात, तेव्हा तो तास मिळवायला विसरू नये. ओहोटीची वेळ कळली की परत फिरायची वेळ आधीच ठरवावी आणि मोबाइलमध्ये गजर लावावा. तो वाजेल तेव्हा समोर वाळू अजून भरपूर दिसत असेल. तरीही निघावं.