मीटर बोलतो कोणाशी?

ठाण्याला व्याख्यानांचं वावडं कधीच नव्हतं. मराठी ग्रंथसंग्रहालय इथे १८९३ साली स्थापन झालं, रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमालेला आजही गर्दी होते आणि मराठी विज्ञान परिषद १९६६पासून विज्ञान मराठीत सांगत आली आहे. तरीही माजिवड्यातल्या एखाद्या टॉवरच्या सर्वसाधारण सभेत स्मार्ट मीटर, गेटवरचं अ‍ॅप किंवा इंटरनेटला जोडलेले कॅमेरे असा विषय निघाला की दोनच सूर लागतात: ‘आता बिल वाढणार’ आणि ‘सगळीकडे हेच चाललंय, आपणही घेऊन टाकू’. माहिती म्हणून जे काही कानावर पडतं ते वस्तू विकायला आलेल्या माणसाकडून. कृष्णविवरांवर आपण दीड तास मन लावून ऐकतो. जिन्याखालच्या मीटरबद्दल मात्र कोणी पंधरा मिनिटंही बोलत नाही.

त्या मीटरचंच पाहा. जुन्या मीटरवरून महिन्याला एक आकडा टिपला जायचा. नवा मीटर दर पंधरा मिनिटांचा किंवा अर्ध्या तासाचा वापर नोंदवतो आणि बिनतारी जोडणीवरून वीज कंपनीकडे पाठवतो. म्हणूनच जुलै २०२५पासून महावितरणला स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे ते एक रुपया सवलत देता आली. ज्या घरातले सगळे सकाळची लोकल पकडून दिवेलागणीनंतर परततात, त्यांच्या पदरात यातून फ्रिजपलीकडे फारसं पडत नाही. वॉशिंग मशीनला टायमर लावला तर थोडं पडतं. दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या जॉर्ज हार्ट यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं की, घराच्या एकूण वीजवापराच्या चढउतारांवरून कोणतं उपकरण केव्हा चालू झालं हे ओळखता येतं. यातून घरावर पाळत ठेवता येईल, हा इशाराही त्यांनीच दिला. पण त्यासाठी सेकंदासेकंदाच्या नोंदी लागतात. अर्ध्या तासाच्या आकड्यांवरून घर कधी जागं होतं, कधी रिकामं असतं याचा अंदाज बांधता येईल. टीव्हीवर काय पाहिलं हे कळणार नाही. भीती किती खरी आणि फायदा किती खरा, याचं माप असं दोन्हीकडून मिळालं तरच सभेतल्या वादाला अर्थ येईल.

यासाठी व्यासपीठ, हार आणि आभारप्रदर्शन नको. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात डंकन डॅलस यांनी १९९८मध्ये ‘कॅफे सायंटिफिक’ सुरू केलं, तेव्हा रीत साधी होती: तज्ज्ञाने थोडक्यात विषय मांडायचा, मग पेले पुन्हा भरून घ्यायचे आणि उरलेला वेळ प्रश्नांना द्यायचा. मधली ती सुट्टी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. लोक आपली शंका आधी शेजाऱ्याला विचारून बघतात आणि मगच हात वर करतात. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने २००९मध्ये ‘चाय अँड व्हाय?’ सुरू केलं, जुहूच्या पृथ्वी थिएटरात आणि पुढे माटुंग्याच्या रुपारेल महाविद्यालयातही. पण घोडबंदर रस्त्यावरच्या माणसाने रविवारी जुहू गाठावं ही अपेक्षा जरा जास्तच. इमारतीचं क्लबहाउस आहे, चहा आहे आणि ज्याविषयी बोलायचं ती वस्तूही तिथेच आहे.

कोणी म्हणेल, पंखा कसा फिरतो हे न कळताही आपण त्याखाली झोपतोच ना? झोपतो, पण पंखा आपली खबर बाहेर देत नाही आणि बाहेरच्या कोणाच्या ताब्यातही जात नाही. २०१६मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, तेही कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड वापरून बघत. त्यांच्या माऱ्याने ऑक्टोबरमध्ये ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या सेवा कोलमडल्या. भारतात कॅमेऱ्यांच्या सुरक्षेची चाचणी २०२५पासून सक्तीची झाली, पण वॉचमनच्या केबिनमधला जुना रेकॉर्डर त्याने बदलत नाही. चहाबरोबरचं विज्ञान उथळ होतं, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. एका बैठकीत कूटलेखन समजणार नाही, हे मान्य. मात्र माहिती कुठे जाते, किती दिवस राहते आणि नेट गेलं तर यंत्र चालतं का, हे विक्रेत्याला विचारण्याइतकी तयारी नक्की होते. वक्ता त्या विक्रेत्याच्या पैशाने आलेला नसावा, एवढं पथ्य हवंच. ठाणे-कल्याण-डोंबिवलीत अभियंत्यांचा तुटवडा नाही. त्यांनी ऑफिसातली सादरीकरणं घरी ठेवून यावं, ‘सर्व्हर’, ‘पासवर्ड’ हे शब्द खुशाल वापरावेत.

गेटवरच्या अ‍ॅपमध्ये सर्वांत जास्त नोंदी घरकामाला येणाऱ्या बायकांच्या होतात: फोटो, फोन नंबर, येण्या-जाण्याची वेळ. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदा माहिती ज्याची त्याचा हक्क मानतो, पण या बायकांना सर्वसाधारण सभेत मत नसतं. गप्पांना सभासदत्वाची अट घालायचं काही कारण नाही. वेळ तेवढी रविवार सकाळची ठेवून चालणार नाही, कारण तेव्हा त्या कामावर असतात.