पत्त्यावर ठरणारा उपचार

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत १९४८ पासून घरगुती डॉक्टर हा बहुतांशी सरकारी नोकर नसून कराराने बांधलेला स्वतंत्र व्यावसायिक आहे. २००४ च्या करारात नित्याच्या कामापलीकडील सेवांसाठी वेगळा मोबदला ठरला. हे तत्त्व आम्हांस रास्त वाटते. रक्त पातळ करणाऱ्या औषधांवरील वृद्धाची तपासणी जवळच्या दवाखान्यातच झाली, तर त्याची रुग्णालयाची खेप वाचते. परंतु यांतील स्थानिक करार प्रत्येक विभाग आपापल्या मर्जीने करतो. साहजिकच एका गावी मिळणारी सेवा शेजारच्या गावी मिळेलच असे नाही. आमच्या कामगार राज्य विमा योजनेतही पॅनेलचे खाजगी डॉक्टर आहेतच. म्हणून आम्ही बजावून सांगतो : डॉक्टरांस कामाचा पुरा मोबदला द्या, मात्र रुग्णाचा हक्क त्याच्या पत्त्यावर ठरवू नका.